‘प्रक्षोभक’, ‘परखड’ की ‘डिवचणारा’? – हान्सलिकच्या निमित्ताने

भाषांतरकार:
व्हिएन्नाचा संगीतसमीक्षक एदुआर्ट हान्सलिक (१८२५–१९०४) याच्यावरील एका लेखाचे मी मराठी भाषांतर करत आहे. असा ‘प्रोव्होकेटिव्ह’ समीक्षक आज वाचण्याजोगा आहे का, हा त्या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. मी ‘प्रक्षोभक समीक्षक’ असे लिहिले होते. ज्या स्नेह्यांना मसुदा वाचायला दिला, त्यांनी तो शब्द खोडून ‘परखड’ केला आणि ‘प्रक्षोभक असते ते भाषण, ज्यावर पोलीस गुन्हा नोंदवतात’ असे समासात लिहिले. त्यांचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यांचा शब्द मान्य नाही, कारण एखाद्याला परखड म्हटले की तो खरे बोलतो हे आपण आधीच गृहीत धरलेले असते.

दुसरी अडचण त्याच्या सर्वांत गाजलेल्या वाक्याची आहे. ४ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नात व्हायोलिनवादक आदोल्फ ब्रॉड्स्कीने रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कन्चेर्तो (वाद्यवृंदासह एका वाद्यासाठीची रचना) वाजवला, तेव्हा कानाला दुर्गंधी येईल असेही संगीत असू शकते ही भयंकर कल्पना या रचनेमुळे प्रथमच मनात आली, अशा आशयाचे त्याने लिहिले. याचे मराठीत काय करावे?

कोशवाचक:
‘चिथावणीखोर’ कृपा करून घेऊ नका. ‘खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय मुळात ‘खाणारा’ या अर्थाचा आहे आणि लाचखोर, भांडखोर, हरामखोर यांच्या पंगतीला बसलेला कोणताही शब्द मराठीत डागाळूनच येतो. ‘विचारप्रवर्तक’ हा तयार, शुद्ध आणि रुळलेला शब्द असताना आपण शोधाशोध का करत आहोत, हे मला समजत नाही.

मध्यसप्तक:
कारण ‘विचारप्रवर्तक’ हा सत्कारसमारंभातला शब्द झाला आहे. ज्याचे लेखन वाचून कोणाचीही झोप उडाली नाही, त्यालाही आपण व्यासपीठावरून विचारप्रवर्तक म्हणतो. हान्सलिकच्या लेखनाने लोक दुखावले जात, आणि ते दुखावणे शब्दात उतरायला हवे. आमच्या घरी यासाठी ‘कुरापत काढणे’ आणि ‘डिवचणे’ ही दोन क्रियापदे वापरत असत, पण दोन्हींत फरक होता. कुरापत काढणाऱ्याला भांडण हवे असते, तर डिवचणाऱ्याला समोरच्याने हलावे, उत्तर द्यावे असे वाटते. मी ‘डिवचणारा’ घेईन.

कोशवाचक:
डिवचतात ते जनावराला, काठीने. विद्यापीठात संगीताचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे विशेषण शोभत नाही. त्यापेक्षा ‘परखड’ पुष्कळ बरा. त्याच्या मुळाशी ‘परख’ आहे, म्हणजे पारखून बोलणारा, असे मी नेहमीच मानत आलो आहे.

पणजीकर:
आपण मानत आला आहात, हे व्युत्पत्तीला पुरेसे नाही. ध्वनिसाम्यावरच जायचे तर ‘परखड’ला ‘खडखडीत’च्या घरात का नेऊ नये? माझा मुद्दा वेगळा आहे. ‘टीका’ या शब्दाचे काय झाले ते पाहा. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीका म्हणतो तेव्हा उलगडून सांगणे अभिप्रेत असते, आणि वर्तमानपत्रात ‘टीका’ म्हटले की केवळ दोष काढणे. हान्सलिकमध्ये ही दोन्ही माणसे आहेत. १८४६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘टानहॉयझर’ या ऑपेरावर लिहिलेली दीर्घ लेखमाला जुन्या अर्थाची टीका होती, तीही उत्साहाने ओसंडणारी. पुढे तोच वाग्नरपंथीयांचा सर्वांत मोठा विरोधक ठरला. वाग्नरनेही ‘माइस्टरझिंगर’ या ऑपेराच्या १८६१ मधील आराखड्यात, नियमांचे बोट धरून दुसऱ्याच्या चुका मोजणाऱ्या पात्राला ‘फाइट हान्सलिश’ असे नाव दिले होते. नंतर ते बदलून बेकमेसर झाले. ज्याला एक विशेषण पुरत नाही, त्याला दोन द्यावीत.

मध्यसप्तक:
विशेषण कोणतेही ठरो, लेखातल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर ‘अवश्य वाचावा’ असे आहे, आणि त्याचे कारण त्या दुर्गंधीच्या परिच्छेदातच आहे. आपण सगळे शेवटचे वाक्य उद्धृत करतो. त्याआधीचे कोणी वाचत नाही. हान्सलिक आधी सांगतो की, आरंभी काही काळ रचना संयमाने, संगीताला धरून चालते. मग तिच्यात ग्राम्यपणा शिरतो आणि व्हायोलिन वाजवले जात नाही, तर ओढले, फाडले, काळेनिळे होईस्तोवर बडवले जाते. मधला संथ भाग, त्यातल्या स्लाव्ह उदासीसह, आपल्याला पुन्हा जिंकू लागतो, तोच तो अचानक तुटतो आणि आपण एका रशियन जत्रेच्या रांगड्या दंग्यात जाऊन पडतो. हे मत मला मान्य नाही, तो कन्चेर्तो मला अत्यंत प्रिय आहे. परंतु मधला भाग न थांबता थेट शेवटच्या भागात कोसळतो, ही गोष्ट त्याने अचूक टिपली आहे. ज्या सांध्यावर तो चिडला, त्याच सांध्यावर माझ्या अंगावर काटा येतो. कुठे काय घडले हे जो समीक्षक सांगतो, त्याचा निवाडा बाजूला ठेवूनही त्याच्याबरोबर ऐकता येते.

आपल्याकडे याला तोलाचे उदाहरण संगीतसमीक्षक वामनराव देशपांडे यांचे आहे. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या पुस्तकात त्यांनी स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून किराण्याला स्वराच्या आणि आग्र्याला लयीच्या टोकाजवळ बसवले, आणि दोन्हींचा उत्तम तोल जयपूर घराण्यात सापडतो असा कौल दिला. ते स्वतः तीनही घराण्यांची तालीम घेतलेले आणि अखेरीस जयपूर घराण्याच्याच मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य असल्यामुळे हा कौल अनेकांना झोंबला. भाषा मात्र पूर्ण सभ्य होती. डिवचले ते मांडणीने, आणि म्हणूनच ते पुस्तक न मानणाऱ्यालाही आपले म्हणणे नीट मांडावे लागते. अशा लेखकाला ‘परखड’ किंवा ‘प्रक्षोभक’ यांपैकी कोणताच शब्द लागू पडत नाही.

निवृत्त उपसंपादक:
आपला युक्तिवाद मला आवडला, पण त्यात ज्याच्यावर लिहिले जाते तो माणूस कुठेच नाही. मी एका दैनिकात रात्रपाळीला मैफलींची परीक्षणे तपासत असे. एका तरुण गायिकेच्या ख्यालाविषयी परीक्षकांनी ‘आलापीत राग सापडत नव्हता, गायिकाही सापडत नव्हती’ असे लिहिले होते. वाक्य चटकदार होते आणि मी ते ठेवले. राग कोणता, कोणती जागा चुकली, याविषयी त्या परीक्षणात एक अक्षर नव्हते. पुढे बराच काळ त्या गायिकेच्या नावासोबत लोक तेवढे वाक्यच सांगत. चायकोव्हस्कीलाही ते परीक्षण अखेरपर्यंत तोंडपाठ होते, असे त्याच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. संगीतकार ब्रुकनरने तर, ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफने ‘काय हवे’ असे विचारताच, हान्सलिकला आवरा अशी विनंती केली, असा किस्सा सांगितला जातो. ज्याच्या हातात व्हिएन्नातले सर्वांत वजनदार वृत्तपत्र आहे आणि ज्याला संगीतकार ब्राम्सने आपले ओपस ३९ चे वॉल्ट्झ (नृत्यलयीतल्या रचना) अर्पण केले आहेत, त्याने ब्राम्सच्या प्रतिस्पर्ध्यांवर लिहिताना अधिक जपून लिहायला नको होते का? तुम्ही त्याला वाचा, पण तो कोणाच्या बाजूला बसून ऐकत होता हे लक्षात ठेवून वाचा.

पणजीकर:
तटस्थ समीक्षक असा कोणी असतो, हे मला पटत नाही. कर्नाटक संगीत आणि नृत्य यांवर दिल्लीत लिहिणारे सुब्बुडू यांची बोचरी वाक्ये त्यांच्या शत्रूंनाही पाठ असत, आणि ज्यांना त्यांनी झोडपले त्यांतलेच काही जण त्यांच्या मताची वाट पाहत असत. पक्ष उघड असेल तर वाचक सावध राहतो. सौम्य शब्दांत लपवलेला पक्षपात मला अधिक घातक वाटतो.

निवृत्त उपसंपादक:
वाचक सावध राहतो; कलावंताला ती सोय नसते.

भाषांतरकार:
सर्वांचे आभार. मजकुरात मी ‘डिवचणारा’ वापरून पाहत आहे, शीर्षकाचे अजून ठरत नाही. मात्र मध्यसप्तक यांनी सांगितल्यावर तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि दुसऱ्या अडचणीला वाट मिळाली असे वाटते. जत्रेच्या वर्णनात हान्सलिक रानटी चेहरे दाखवतो, शिव्या ऐकवतो आणि हलक्या दारूचा वासही आणतो. दुर्गंधीचे वाक्य त्यानंतरचे आहे. म्हणजे वास आधीच आलेला आहे. तसे असेल तर ‘दुर्गंधी’पेक्षा ‘भपकारा’ हा नेमका शब्द ठरावा: ‘कानाला भपकारा येईल असे संगीत’.

कोशवाचक:
दारूपुरते ठीक आहे. परंतु दुर्गंधीच्या वाक्याच्या लगेच आधी त्याने फिशर या सौंदर्यशास्त्रज्ञाच्या एका उक्तीचा आधार घेतला आहे, आणि ती उक्ती डोळ्यांना दुर्गंधी येईल अशा अश्लील चित्रांविषयी आहे. चित्राला भपकारा कसा येईल? दोन्हींना पुरेल असा एकच शब्द हवा, आणि तो ‘दुर्गंधी’च आहे.

मध्यसप्तक:
‘दुर्गंधी’ नगरपालिकेच्या सूचनाफलकावर शोभते. संतापलेला माणूस ‘घाण येते’ असे म्हणतो, आणि ‘घाण’ डोळ्यांना, कानांना, नाकाला सारखीच चालते.

पणजीकर:
‘घ्राण’ म्हणजे मुळात नुसता वास. त्यातूनच आलेली ‘घाण’ वाईट वासापुरती कधी उरली, यावर कोणी लिहील का?