जॉकी वजनात कमी-जास्त भरला, तर घोडा बाद करून भागतं का?

परभणीकर
माळेगावच्या यात्रेत घोडेबाजारात बसलो असताना एक वाद पेटला, तो इथं मांडतो. आमच्यात हैदराबादला मलकपेटच्या रेसला नेमानं जाणारे दोघं होते. त्यातल्या एकाचं म्हणणं असं, की शर्यत झाल्यावर जॉकी काट्यावर कमी भरला तर घोडा बाद होतोच, मालकाचं बक्षीस जातं, मग त्या पोराला वरून आणखी कशाला मारायचं? मला हे अजिबात पटलेलं नाही. वजनात जाणूनबुजून फसवणाऱ्या जॉकीचं लायसन्स दोन-तीन वर्षं तरी काढून घेतलं पाहिजे. नुसता दंड नको.

ज्यांना रेसचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅन्डिकॅप शर्यतीत तेज घोड्यावर जास्त वजन चढवतात, साधारण घोड्यावर कमी. एकाला ६० किलो तर दुसऱ्याला ५२. या वजनात जॉकी, त्याचे कपडे, बूट आणि खोगीर सगळं आलं. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली कप्प्याचं कापड असतं, त्यात शिशाच्या पट्ट्या घालून भरती करतात. शर्यतीआधी जॉकी खोगीर मांडीवर घेऊन काट्यावर बसतो, क्लार्क ऑफ द स्केल्स म्हणजे वजन बघणारा अधिकारी आकडा लिहून घेतो. शर्यत संपली की बक्षिसात आलेल्या जॉकीनं आपलं खोगीर आपणच उतरवायचं, वाटेत कुणाला शिवायचं नाही, कुणाच्या हातातलं काही घ्यायचं नाही, सरळ परत काट्यावर जायचं. आकडे जुळले की निकाल पक्का आणि पैज लावणाऱ्यांना पैसे वाटायला सुरुवात. एकदा वाटलेले पैसे मागाहून काही उघडकीला आलं तरी परत येत नाहीत.

मैलभराच्या शर्यतीत किलोभर वजन म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी, असा रेसवाल्यांचा जुना हिशेब आहे. कितीतरी शर्यती नाकाच्या नाहीतर मानेच्या फरकानं सुटतात. शिशाची एक पट्टी निकाल फिरवू शकते. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला घोड्याची चाल दिसते, जॉकीचा हात दिसतो, पण खोगिराखाली काय आहे ते कधीच दिसत नाही. म्हणून मी एवढा कडक बोलतोय.

कंधारचा घोडेवाला
परभणीकर दादा, तुम्ही नियम बरोबर सांगितला, पण फसवणूक कुठं होते ते उलटं सांगितलं. मी पुण्याच्या रेसकोर्सवर तबेल्यात सायस म्हणून, म्हणजे घोड्यांची निगा राखायचं काम केलंय, म्हणून सांगतो.

पट्टी काढून कुणी शर्यत मारत नाही. काढली तर परत येऊन काट्यावर कमी भरणारच, घोडा बाद होणारच, मग काढून मिळवलं काय? कमी भरणाऱ्यांत बहुतेक वेळा कापड सरकलेलं असतं, कप्पा नीट बंद केलेला नसतो, पट्टी ट्रॅकवर पडलेली असते. कधी पट्टा ढिला होऊन आख्खं कापडच मागं गळून जातं. यात त्या पोराचा दोष किती? खोगीर चढवतो ट्रेनर आणि त्याची माणसं. जॉकी तर पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथं, येऊन नुसता वर बसतो.

खरी लबाडी होते ती आधीच्या वजनाला. पोराला ५२ वर बसायचंय आणि अंग ५३ च्या खाली येतच नाही. मग तो कागदासारख्या पातळ तळव्याचे बूट घालून काट्यावर बसतो, आणि आत जाऊन खरे बूट चढवतो. जाकीट वजनाच्या वेळी काढून ठेवतो. खोगीर दुसरंच आणतो, हातभर लांबीचं, वजनाला काहीच नाही असं. म्हणजे घोड्यावर जातं जास्त वजन, कमी नाही. ह्यात त्याचाच घोडा मागं पडतो. चोर म्हणायचं असेल तर म्हणा, पण ती भुकेली चोरी आहे.

सकाळी साडेचारला घोडे फिरवायला काढायचो तेव्हा मी बघितलंय. आत स्वेटर, वर स्वेटर, त्यावर प्लॅस्टिकचा कोट, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत पोरगा ट्रॅकच्या कडेनं पळतोय. चहा तोंडात घ्यायचा, फिरवायचा आणि थुंकायचा. गिळायचा नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री एकानं अर्धी काकडी खाल्ली आणि ती पण खाऊन रडला. अशा पोराचं लायसन्स तीन वर्षं काढून घेताय?

मापाडी, जालना
मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आयुष्य काट्यावर गेलं माझं, म्हणून बोलतो. शेतकऱ्याचं माप घेताना कडता म्हणून किलो-अर्धा किलो कापायची पद्धत होती. कापणारे म्हणायचे, मालात माती असते, ओल असते, पोत्याचं वजन असतं. कारणं सगळी खरी होती. तरी घरी जाताना शेतकऱ्याचंच कमी भरायचं. काट्यावर एकदा कारण ऐकून घ्यायला लागलं की काटा राहत नाही.

कंधारवाले भाऊ, पोराची भूक मला समजते. पण त्यानं पातळ बूट घातले तेव्हा त्यानं त्या माणसाला फसवलं, ज्यानं रेसच्या पुस्तकात ५२ वाचून पैसे लावले. घोडा मागं पडला ते त्या माणसाच्या खिशातून गेलं. आणि कुणाला घोडा मुद्दाम हरवायचा असेल तर यापेक्षा सोपा रस्ता कुठला? लगाम ओढला तर कॅमेऱ्यात दिसतो. बूट दिसत नाहीत.

लातूरची डॉक्टर
इथं फ्रेड आर्चरचं नाव निघालं पाहिजे. इंग्लंडचा १९व्या शतकातला सगळ्यात मोठा जॉकी, लागोपाठ १३ वर्षं तिथला विजेता जॉकी, २,७४८ शर्यती जिंकलेला. उंची पाच फूट दहा इंच. एवढ्या उंचीच्या माणसानं जॉकीचं वजन राखायचं म्हणजे काय ते वजनाची थोडी माहिती असलेल्या कुणालाही कळेल. तो कडक जुलाबाचं औषध घ्यायचा, जेवण जवळजवळ सोडून द्यायचा. १८८६ साली केंब्रिजशायर शर्यतीसाठी असंच अंग सुकवलं, ती थोडक्यात हरला, ताप चढला आणि तापाच्या भ्रमात ८ नोव्हेंबरला स्वतःला गोळी घातली. वय २९.

हे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देऊ नका. शरीरातलं पाणी अंगाच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांनी कमी झालं तरी नजर, तोल आणि निर्णय यांवर परिणाम व्हायला लागतो. ५३ किलोच्या माणसात हे एक-दीड लिटर पाणी झालं. आणि असा माणूस साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावरावर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगानं, आजूबाजूला दहा घोडे, अशा गर्दीत बसलेला असतो. तो पडला तर एकटा पडत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर उत्तेजकांच्या बंदी यादीतच आहेत, तरी वजनाच्या खेळांत त्या खाल्ल्या जातात.

ब्रिटनमध्ये २०२१ साली रेसकोर्सवरच्या घाम गाळायच्या सौना खोल्या कायमच्या बंद केल्या आणि पुढं किमान वजन दोन पौंडांनी वाढवलं. शिक्षेबरोबर हे पण केलं पाहिजे. पोषण बदललंय, पोरं आजोबांपेक्षा उंच होतात, आणि वजनाचे तक्ते मात्र हळूहळू सरकतात. माझं मत: फसवणुकीला शिक्षा जरूर करा, पण वर्षभरात कुणाचं वजन किती खाली-वर होतंय याची नोंद रेस क्लबच्या डॉक्टरकडं पाहिजे. ठरलेल्या पातळीखाली पाणी गेलं असेल तर त्या दिवशी बसूच द्यायचं नाही.

पाटोद्याचा पैलवान
डॉक्टर ताई, वजनाच्या खेळात नियम कडकच लागतो. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ साली विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमनं जास्त भरली आणि आख्ख्या स्पर्धेतून बाहेर गेली. रात्रभर पळाली, केस कापले, तरी नाही जमलं. देश हळहळला. क्रीडा लवादाकडं अपील गेलं, तेही फेटाळलं. १०० ग्रॅम सोडले असते तर उद्या २०० चं काय?

पण एक फरक बघा. विनेशला फक्त स्पर्धेतून काढलं, बंदी घातली नाही. कारण तिनं लपवलं नव्हतं. आमच्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुलात ५७ किलोत सुवर्ण घेऊन आला आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. अंगाला जमेल तो गट घेतला, पदकं आली. जॉकीला पण हा रस्ता मोकळा आहे की. ५२ जमत नसेल तर ५२ ची शर्यत घेऊ नये.

कंधारचा घोडेवाला
पैलवान, गट बदलणं तुमच्याकडं असतं. जॉकीला शर्यत ट्रेनर देतो. दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा विचारत नाही. मोठ्या नावाचे पाच-दहा सोडले तर बाकीची पोरं एका-एका राइडसाठी तबेल्यांच्या दारात उभी असतात.

हिंगोलीकर
जुगारच आहे तो. बंद करा, वजनाचा प्रश्न मिटेल.

परभणीकर
हिंगोलीकर, सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच सांगितलंय की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. तुमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, २०१४ ला बंद झाला तेव्हा काय हाल झाले ते आठवा. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला कायदा टिकला, तेव्हा जोड्या परत धावल्या. त्यामुळं बंदीची भाषा इथं नको.

आता कंधारवाल्या भाऊंना. तुमचं म्हणणं मी नीट वाचलं. पट्टी पडली, कापड सरकलं, जॉकी जखमी होऊन काट्यावर येऊच शकला नाही, ह्यात शिक्षेचा प्रश्नच नाही. जखमीला तर नियमच सूट देतो. पावसात चिखल लागून, खोगीर भिजून थोडं जास्त भरलं तर तेही समजून घेतात, पुण्याचा हंगामच जुलै ते ऑक्टोबर आहे. त्या सगळ्यांना मी एका रांगेत उभं करत नाही.

पण पातळ बुटांच्या बाबतीत मी मापाडी काकांच्या बाजूचा. कारण त्या पोराकडं सरळ मार्ग होता. वजन जास्त भरतंय हे ठराविक मर्यादेपर्यंत आधी जाहीर करता येतं. फलकावर लागतं, लोकांना कळतं, ज्याला लावायचं तो बघून लावतो. ५३ तर ५३. जाहीर केल्यावर ट्रेनर रागावेल, कदाचित दुसऱ्याला बसवेल, हे मान्य. पण जाहीर करायच्या ऐवजी बूट बदलणं हा विचार करून घेतलेला निर्णय आहे. त्याला भुकेचं पांघरूण घालता येणार नाही.

दुसरं, एका क्लबनं लायसन्स थांबवलं की देशातले बाकीचे मान्यताप्राप्त क्लबही ते पाळतात, म्हणजे मुंबईची बंदी हैदराबादला चुकवता येत नाही. ही व्यवस्था चांगली आहे, तिला धार पाहिजे. दंडाची रक्कम मालक गुपचूप भरून टाकतो. घरी बसणं कुणाला दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

मापाडी, जालना
एक विचारतो. वजन झाल्यापासून खोगीर चढेपर्यंत ते सामान कुणाच्या ताब्यात असतं? मोंढ्यात तोललेलं पोतं शिवून त्यावर खूण केल्याशिवाय हलत नाही.

कंधारचा घोडेवाला
काका, नेमका प्रश्न विचारलात. जॉकी खोगीर देतो ट्रेनरच्या माणसाकडं. तिथून पुढं चढवेपर्यंत ते तबेल्याच्या हातात. जॉकी शर्यतीत बसला की त्याला कप्पा उघडून बघता येत नाही. आणि परत आल्यावर काट्यावर उभा राहतो तो एकटाच. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर.

म्हणून परभणीकर दादा, तुमची दोन-तीन वर्षं मला अजून मान्य नाहीत. पहिल्या वेळेला काही महिने, दुसऱ्या वेळेला वर्ष, इथपर्यंत मी येतो. पण ज्या तबेल्यातून ते खोगीर गेलं, त्या ट्रेनरला चौकशी संपेपर्यंत एकही घोडा शर्यतीत उतरवू देऊ नका. पोराला ५२ वर बसवायचा हट्ट कुणी धरला, त्याची राइड कुणी ठरवली, त्या माणसाला स्टुअर्डसमोर, म्हणजे शर्यतीच्या पंचांसमोर, उभं करा आणि आठवड्याभरात पोराचं वजन किती उतरलं ते त्याला विचारा. तो सांगू शकला नाही तर शिक्षा तिथून सुरू होऊ द्या.

परभणीकर
ट्रेनरवर जबाबदारी टाकायला माझी पूर्ण मान्यता. चौकशी संपेपर्यंत त्याचे घोडे थांबवणं मात्र जड वाटतं, कारण त्यात दहा-बारा दुसऱ्या मालकांचे घोडे अडकतील, ज्यांचा ह्याच्याशी काही संबंध नाही. त्याच शर्यतीतला घोडा आणि तोच मालक, एवढ्यापुरतं थांबवलं तर? आणि जॉकीच्या पहिल्या शिक्षेत तुमचे काही महिने मी धरतो, पण बूट बदलल्याचं सिद्ध झालं तर सहाच्या खाली नाही.

लातूरची डॉक्टर
सहा महिने घरी बसवणार असाल तर त्या सहा महिन्यांत त्याच्या खाण्या-पिण्याची आणि तपासणीची सोय क्लबनं करावी, नाहीतर तो परत येईल तेव्हा वजन आणखी वाढलेलं असेल आणि बूट आणखी पातळ.