चिठ्ठीवर चिठ्ठी: महागाई आणली कोणी?

मुद्दलराव: माझं गृहकर्ज २०२१चं, रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते त्याच्याशी, जोडलेलं. हप्ता तेवढाच ठेवा म्हटलं, तर २० वर्षांचं कर्ज कितीतरी वर्षं लांबलं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३, नऊ महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ टक्के. कारण महागाई. पण ती आणली कोणी? २०२०-२१मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या ९ टक्क्यांवर गेली. पुढच्याच वर्षी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं 'जी-सॅप' या रोखेखरेदी योजनेखाली, जणू नोटा छापून, बाजारातून २.२ लाख कोटींचे सरकारी कर्जरोखे उचलले. खर्च सरकारचा, पैसा बँकेचा, फेडायचं मी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तूरडाळ: तो पैसा गेला कुठे ते बघा की. बँकांनी त्यातले लाखो कोटी ३.३५ टक्क्यांनी परत रिझर्व्ह बँकेतच नेऊन ठेवले, कारण कर्ज घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. भाव भडकले ते युक्रेनचं सूर्यफूल तेल अडकलं म्हणून, आणि एप्रिल २०२२ अखेर इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात थांबवली म्हणून. रेपो वाढवून जहाजं सुटतात? जुलै २०२३मध्ये टोमॅटोनं महागाई ७.४४वर नेली, तेव्हा रेपो ६.५ होताच. नवा माल आला, उतरली.

मुद्दलराव: टोमॅटो उतरतो हो. पण मे २०२०मध्ये कच्चं तेल मातीमोल असताना डिझेलवर लिटरमागे १३ रुपये कर कोणी चढवला? ट्रकमधून तो भाजीत आलाच ना?

तूरडाळ: हे तर तुमच्यावरच उलटतं. कर वाढवून सरकारनं लोकांच्या हातातला पैसा काढून घेतला. तुमच्या हिशेबानं महागाई उतरायला हवी होती!

कांदाभजी: आमची वड्याची गाडी आहे, भावाची नि माझी. मार्च २०२२ला तेलाचा डबा भडकला, तेव्हा पाटीवरच्या १२वर १५ची चिठ्ठी चिकटवली. दिवाळीपर्यंत डबा बराच उतरला. चिठ्ठी काढली का? नाही. एक तर पाववाल्यानं वाढवलेले कमी केले नाहीत, आणि पोऱ्याचा पगार वाढवलेला, तो काय परत घेणार? दुसरं, खरं सांगतो, गिऱ्हाईक १५ देत होतं. २०२०च्या पावसाळ्यात कोणी दिले नसते. चिठ्ठी लागली युक्रेनमुळे, टिकली लोकांच्या खिशामुळे. खिशातला पैसा सरकारचा की रिझर्व्ह बँकेचा, ते तुम्ही दोघं ठरवा.

तूरडाळ: त्यांचा स्वतःचा! लॉकडाऊन उठलं, कामं सुरू झाली. यात छपाईचं पाप कुठे?

मुद्दलराव: बरं, छपाई सोडा. उशिराचं काय? कायद्यानं महागाईचं लक्ष्य ४ टक्के, फार तर ६. जानेवारी ते सप्टेंबर २०२२, सलग तीन तिमाही ६च्या वर! रिझर्व्ह बँकेवर सरकारला खुलाशाचं पत्र लिहायची वेळ आली, पहिल्यांदाच. एप्रिलच्या बैठकीत रेपो जिथल्या तिथे, आणि ४ मेला ठरल्या वेळेआधीच बैठक घेऊन वाढ. त्या एप्रिलचा महागाईचा आकडा ७.७९ निघाला. कांदाभजी म्हणतात तशा चिठ्ठ्या तोवर गावभर चिकटल्या होत्या.

तूरडाळ: उशीर झाला, हे मान्य. तूट मान्य नाही.

कांदाभजी: पाववाला आत्ताच सांगून गेला, सोमवारपासून लादीमागे दोन रुपये जास्त. खळ आणायला चाललोय.