रोज ऑफिसला जायला सायकल (कोथरूड ते शिवाजीनगर): कोणती घ्यावी?

नीलांबरी

नमस्कार. कोथरूडहून शिवाजीनगरला रोज ऑफिसला सायकलने जायचं ठरवलंय. अंतर एका बाजूने सहा-सात किलोमीटर. सोबत लॅपटॉप, डबा आणि पावसाळ्यात रेनकोट. कपडे सलवार-कुर्ता, कधी साडी. व्यायामासाठी किंवा रविवारी सिंहगडाला जायला नकोय, स्कूटीच्या जागी हवीय. बजेट पंधरा हजारांपर्यंत.

दोन दुकानं पालथी घातली. दोन्हीकडे २१ गिअर, पुढे सस्पेन्शन, जाड नक्षीचे टायर, डिस्क ब्रेक अशीच सायकल पुढे केली. मडगार्ड आणि कॅरिअर मागितलं तर "मॅडम, ते नंतर बसवू" म्हणाले. एवढे गिअर लागतात का? घाम, साडी, संध्याकाळचा अंधार यांचं काय करता? जे रोज चालवतात त्यांनी कृपया सांगा.

घाटमाथा

नीलांबरी, तुम्ही मडगार्ड आणि कॅरिअर आधी विचारलंत हे अगदी बरोबर. रोजच्या सायकलीत आधी बघायचं ते हेच: दोन्ही मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी, दिवे. गिअर त्यानंतर. दुकानात उलट चालतं, कारण गिअर आणि सस्पेन्शन डोळ्यात भरतात.

स्वस्त सस्पेन्शन घेऊ नका. सायकल विनाकारण जड होते, आणि चढावर जोर लावला की तो जोर वरखाली होण्यातच जातो. खड्ड्यांसाठी टायर थोडा रुंद असला की पुरतं. ७०० बाय ३५ किंवा ३८ (हा टायरचा आकार, शेवटचा आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये) घ्या, गुळगुळीत नक्षीचा. जाड दातांचा टायर डांबरी रस्त्यावर घरघर करतो आणि पाय दमवतो.

गिअरचं म्हणाल तर तुमच्या वाटेवर सकाळी बहुतेक उतार आहे, कोथरूडकडून नदीच्या दिशेने. म्हणजे ऑफिसला फारसा घाम न येता पोचाल. संध्याकाळी तोच चढ असतो, पण तेव्हा घरीच जायचंय. त्यासाठी मागे सात गिअर आणि पुढे एकच चक्री भरपूर झाली. पुढे तीन चक्र्या असल्या की पूर्ण चेनकव्हर बसत नाही, आणि साडी-सलवारीला चेनकव्हर हवंच.

फ्रेम आडव्या दांडीशिवायची, म्हणजे आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती. खरं तर सिग्नलला सारखं चढ-उतर करणाऱ्या कुणालाही तीच सोयीची. कॅरिअरवर सामान असताना मागून पाय टाकणं पुरुषांनाही जड जातं.

छर्रे_आणि_आरे

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे (पुण्यात नाही). दुकानात उभं राहून काय तपासायचं ते सांगतो.

मागच्या आसाजवळ फ्रेमला आटे पाडलेली भोकं आहेत का बघा. कॅरिअर आणि मडगार्ड तिथेच बोल्टने बसतात. भोकं नसतील तर सीटच्या नळीला आवळायचं कॅरिअर देतात, ते लॅपटॉपच्या वजनाने दोन खड्ड्यांत फिरतं. "नंतर बसवू" याचा अर्थ बऱ्याचदा हाच.

मग पुढचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे नजर ठेवा. रबर आणि रिममधली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कमीजास्त होत असेल तर चाकाला आऊट आहे, म्हणजे ते डगमगत फिरतंय, तिथल्या तिथे काढून घ्या. क्रँक (पेडलची दांडी) हातात धरून आडवा हलवा, खडखडला तर छर्रे-कोन (आतलं बेअरिंग) नीट बसवलेले नाहीत.

रिम अ‍ॅल्युमिनियमची घ्या. चकचकीत क्रोमची लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. पावसाळ्यात चार महिने चालवायची असेल तर ही बाब अजिबात सोडू नका. साधा व्ही-ब्रेक (दोन्ही बाजूंनी रिमला रबर दाबणारा) कुठलाही मेकॅनिक करून देतो. स्वस्त डिस्क घासत राहते, आणि तिच्यामुळे कॅरिअर बसवायलाही अडचण होते.

एक गोष्ट गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही. जुन्या काळ्या सायकलीचं २८ बाय दीडचं चाक आणि ७००चं चाक, दोघांनाही दुकानदार "अठ्ठावीस" म्हणतात. टायर एकाचा दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेवर छोटे आकडे असतात, उदाहरणार्थ ३७-६२२. ६२२ म्हणजे ७००वालं, ६३५ म्हणजे जुनं. नवीन टायर घेताना तो आकडा सांगा. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा असला तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

उत्तररात्र

अंधाराबद्दल. मागचा लाल दिवा पुढच्यापेक्षा महत्त्वाचा. तो सीटखाली न लावता कॅरिअरच्या टोकाला लावा, नाहीतर ओढणी किंवा बॅग त्यावर येते. चार्जिंगचे दिवे चांगले आहेत, पण चार्जिंग करायचं लक्षात राहत नसेल तर जुना बाटलीचा डायनमो अजूनही मिळतो. मात्र सायकल थांबली की त्याचा दिवाही विझतो, त्यामुळे सिग्नलसाठी रिफ्लेक्टर हवाच.

रस्ता: कर्वे रस्त्याने सलग डेक्कनपर्यंत जाऊ नका. नळ स्टॉपवरून लॉ कॉलेज रस्त्याला वळून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून भांडारकर रस्त्यावर या. झाडांची सावली असते आणि बस नसतात. पुढे जंगली महाराज आणि फर्ग्युसन हे दोन्ही रस्ते एकेरी आहेत, म्हणून जायची वाट आणि यायची वाट वेगळी आखा. आधी एखाद्या रविवारी सकाळी दोन्ही वाटा चालवून बघा.

सातासमुद्रापार

मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला राहते. इथल्या रोजच्या सायकली बघून तुम्हाला पुण्यातल्या जुन्या सायकली आठवतील: सरळ बसायचं, पूर्ण बंद चेनकव्हर, मागच्या चाकाला साडी गार्डसारखी जाळी, आणि मागच्या चाकातून जाणारं गोल कुलूप. सूट घातलेली माणसंही त्यावरूनच ऑफिसला जातात. इथल्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतील असं पार्किंग आहे, २०१९ मध्ये पूर्ण झालं.

पण हे आपोआप झालेलं नाही. १९७१ साली या छोट्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईवडील रस्त्यावर उतरले, "मुलांच्या हत्या थांबवा" अशी चळवळच उभी राहिली. आजचे सायकलमार्ग त्या रेट्यातून आले. त्यामुळे पुण्यात सायकल चालवणाऱ्या प्रत्येक बाईचं मला मनापासून कौतुक वाटतं. २०११च्या जनगणनेत भारतातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. ती चालवणाऱ्यांना रस्त्यात जागा मिळायलाच हवी.

घाटमाथा

सहमत. आणि जागा मागायची सुरुवात पार्किंगपासून करा, कारण तिथे निर्णय घेणारं माणूस ओळखीचं असतं. नीलांबरी, सायकल घ्यायच्या आधी ऑफिसात अर्ज द्या: छपराखाली, सुरक्षारक्षकाला दिसेल अशी, फ्रेमला साखळी बांधता येईल असा लोखंडी कठडा असलेली जागा. तो कठडा झाला की आणखी चार जण सायकल काढतात, हे मी आमच्या इमारतीत पाहिलंय. सोसायटीतही तेच. तिसऱ्या मजल्यावर सायकल चढवावी लागली तर कितीही चांगली सायकल आठवड्यात धूळ खात पडते.

नीलांबरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज फ्रेमची भोकं बघूनच दुकानात बोलले, तर दुकानदाराने आतून वेगळीच सायकल काढली: लेडीज फ्रेम, सात गिअर, अ‍ॅल्युमिनियम रिम, मडगार्ड कंपनीचेच. कॅरिअर, स्टँड, दिवे आणि दोन कुलपं धरून बजेटात बसतेय. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२चा ५ टक्के झालाय, त्याचीही मदत झाली. ऑफिसला अर्ज दिलाय. दोन प्रश्न राहिले: सीट किती उंच ठेवू, आणि लॅपटॉप पाठीवर की कॅरिअरवर?

छर्रे_आणि_आरे

सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तीच उंची. सुरुवातीला पाय टेकायची भीती वाटली तर बोटभर खाली ठेवा आणि सवय झाली की वर घ्या. गुडघे दुखल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची सीट खाली असते.

लॅपटॉप कॅरिअरवर, बाजूला अडकवायच्या पिशवीत, आत जाड कापडात गुंडाळून. पाठीवर बॅग असली की उतारावरही पाठ घामाने भिजते. पिशवी घेताना पेडल मारून बघा, टाच तिला लागता कामा नये.

आणि महिनाभराने सायकल दुकानात परत न्या. नव्या सायकलीच्या ब्रेकच्या वायरी ताणल्या जातात, आरे सैल पडतात. ते एकदा आवळून घेतलं की चाक पुढे बराच काळ आऊट धरत नाही.