गोवर आणि धनुर्वाताला एकच माप नको

‘ज्याने लस घेतली तो सुरक्षित, मग दुसऱ्याने नाही घेतली तर त्याचं काय बिघडतं?’ हा लशीच्या सक्तीविरुद्ध मांडला जाणारा मुद्दा धनुर्वाताला लागू पडतो. त्याचे जंतू मातीतून जखमेत शिरतात, माणसाकडून माणसाला लागत नाहीत.

गोवराचं तसं नाही. रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एकापासून १२ ते १८ जणांना लागण होते, म्हणून साथ रोखायला सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. दवाखान्याच्या बाकावर तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईला शेजारी कोण खोकतंय हे निवडता येत नाही, आणि त्या वयात बाळाला ही लस देतही नाहीत. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाचंही तेच.

त्यामुळे शाळाप्रवेशासाठी गोवराच्या लशीची सक्ती मला मान्य आहे. वैद्यकीय कारण असेल तर सूट हवीच. कोविडच्या लशीने गंभीर आजार टाळले, पण संसर्गापासूनचं संरक्षण काही महिन्यांत ओसरलं, तिथे सक्तीची बाजू लंगडी पडते. आणि सक्ती करणाऱ्या सरकारने क्वचित होणाऱ्या गंभीर दुष्परिणामांची भरपाईही द्यायलाच हवी.