मदत हवी आहे: कामं सोपवली तरी सगळं फिरून माझ्याकडेच येतं

शाईवाला
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या. माझा छोटा छापखाना आहे. सगळे म्हणतात मालकाने सगळं स्वतः करू नये, कामं सोपवावीत. सोपवली. आता दिवसभर फोन, "साहेब, हे काय करू?" आणि जिथे विचारायला हवं तिथे विचारत नाहीत. परवा व्हिजिटिंग कार्डांचा अख्खा लॉट जुन्या प्रूफवरून, म्हणजे दुरुस्तीआधीच्या नमुन्यावरून, छापून मोकळे! पोरं कामसू आहेत, पण डोकं लावत नाहीत. काय करू? 'प्रेमाने समजावा' वगैरे नको, समजावून झालंय.

खटपट्या
माणसं किती? सूचना तोंडी देता की लिहून?

शाईवाला
६ जण. डिझाइन, मशीन, बाइंडिंग, काउंटर. मी बाहेर असतो, त्यामुळे फोन नाहीतर व्हॉइस मेसेज. सगळे असंच करतात ना?

स्थितप्रज्ञ
आयझेनहॉवरची चौकट वापरा. तातडीचं आणि महत्त्वाचं यांचे चार कप्पे करा, आयुष्य बदलेल.

खटपट्या
अहो, त्यांनी कामं आधीच वाटलीत. कप्पे कशाला?

रात्रपाळी
मशीन चालू असताना व्हॉइस मेसेज कोण ऐकणार? जॉब कार्ड सुरू करा. आकार, नग, कागदाचा जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन), एकरंगी की चाररंगी, लॅमिनेशन आणि प्रूफ पास करणाऱ्याची सही, तारखेसकट. सही नाही तर छपाईची प्लेट नाही. नवं प्रूफ आलं की जुनं त्याच क्षणी फाडायचं. टेबलावर दोन प्रूफं पडली असतील तर मशीनमनला कुठलं खरं हे स्वप्नात कळणार?

उगाच_एक
जॉब कार्डं आमच्याकडेही होती. काम संपल्यावर सगळी एकदम भरायचे, एकाच पेनाने. त्यापेक्षा वदवून घ्या. वैमानिक टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतो, तसं. "समजलं का?" ला सगळेच हो म्हणतात. "आता काय करणार आहेस?" असं विचारा.

रात्रपाळी
सकाळी वदवलेलं संध्याकाळच्या माणसाला कोण सांगणार?

उगाच_एक
६ माणसांत कसल्या आल्यात पाळ्या! तुमचं नाव रात्रपाळी म्हणून सगळीकडे पाळ्या?

कागदकीडा
अवांतर: ३०० जीएसएमच्या कार्डावर मॅट लॅमिनेशन कोपऱ्यात सुटतंय. कोणाला अनुभव?

खटपट्या
कटिंगचं पातं बोथट असेल. वेगळा धागा काढा.

चौकस
@शाईवाला, फोन नेमके कशासाठी येतात? शेवटचे तीन-चार सांगा.

शाईवाला
सांगितलेला कागद संपलाय, दुसरा वापरू का. गिऱ्हाईक सवलत मागतंय, देऊ का. दोन कामं एकदम आलीत, आधी कुठलं घेऊ. एवढं त्यांना ठरवता येऊ नये?

चौकस
याआधी कोणी स्वतःहून काही ठरवलं होतं का? तेव्हा काय झालं?

शाईवाला
काउंटरवाल्याने एकदा परस्पर उधारी दिली. गिऱ्हाईकासमोरच झापला. कोणीही झापलंच असतं. त्याचा इथे काय संबंध?

चौकस
बाकीच्या पाचांनी ते बघितलं ना? मग ते फोनच करणार. काम त्यांच्याकडे दिलंत, ठरवायची मुभा तुमच्याच खिशात राहिली. काउंटरने किती टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची, कुठल्या कागदाऐवजी कुठला चालेल, काय न विचारता करायचं, काय करून नंतर कळवायचं आणि काय आधी विचारल्याशिवाय करायचंच नाही, हे लिहून भिंतीवर लावा. प्रूफ शेवटच्या प्रकारात. मर्यादेत राहून घेतलेला निर्णय चुकला, तर बोलणं दार लावून.

स्थितप्रज्ञ
यासाठी चांगली ॲप्स आहेत.

रात्रपाळी
भिंत फुकट आहे.

शाईवाला
कार्ड आणि यादी दोन्ही करतो, वदवून घ्यायला सध्या वेळ नाही. सवलतीचा आकडा काउंटरवाल्यालाच विचारला. मी १० टक्के धरले होते, तो म्हणाला ५ पुरे. उधारीचं मात्र मलाच विचारायचं, ते सोडणार नाही. कागदाच्या पर्यायांची तयार यादी कोणाकडे असेल तर इथेच टाका.