प्रकाश मागितला की नेमकं काय मिळतं? मार्गदर्शनाबद्दल एक प्रश्न

निळी_शाई:
सगळ्यांना सलाम. मी नर्स आहे. एका मिशन हॉस्पिटलकडून विचारणा झाली आहे, नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची जबाबदारी घ्याल का म्हणून. काम मनापासून आवडेल असं आहे. पण जागा लांब आहे आणि घरी वडील आहेत. त्यांना आता आधाराशिवाय जिना उतरवत नाही.

चर्चच्या मंडळीत ज्यांच्याकडे बोलले त्यांनी एकच सांगितलं, "प्रकाश माग, प्रभू दाखवेल." मागते आहे. रोज बायबलमधल्या स्तोत्र ११९ मधलं तेच वचन उघडते: "तुझे वचन माझ्या पावलांकरिता दिव्यासारखे व माझ्या मार्गावर प्रकाशासारखे आहे." वाचून मन शांत होतं, पण जायचं की राहायचं ते कळत नाही. अशात प्रार्थनागटातल्या एका ताईंना स्वप्न पडलं. त्यात मी झगझगीत उजेडात उभी होते म्हणे. त्यांच्या मते अर्थ उघड आहे: जा.

मला स्वतःला असं काहीच दिसलेलं नाही. प्रकाश मिळाला हे माणसाला कळतं कसं? आणि दुसऱ्याला दिसलेला उजेड माझ्यासाठी असू शकतो का? कृपया "विश्वास ठेव" एवढंच लिहू नका. विश्वास आहे, म्हणूनच विचारते आहे.

जुना_शिक्षक:
ताई, तुम्ही रोज वाचता त्याच वचनापासून सुरुवात करतो. त्यात दिवा पावलांसाठी आहे. त्या काळचा दिवा म्हणजे तळहातावर मावेल एवढं मातीचं भांडं, आत ऑलिव्हचं तेल, तोंडाशी एक वात. शास्त्राभ्यासाच्या वर्गात मी मुलांना तसा दिवा हातात देऊन अंधाऱ्या खोलीतून चालायला लावायचो. प्रत्येक जण आधी दिवा डोळ्यांसमोर वर धरायचा. मग ज्योतीनेच डोळे दिपायचे आणि पुढचं काही दिसायचं नाही. हात कमरेखाली आणला की पायांपुढची जमीन दिसू लागायची, जेमतेम एक-दोन पावलं. खोलीचं दुसरं टोक शेवटपर्यंत अंधारातच. चालल्याशिवाय पुढचा भाग उजळायचाच नाही.

तुम्ही त्या वचनाकडे सगळ्या वाटेचा नकाशा मागत आहात. वचनाने तेवढं कबूल केलेलं नाही.

दुसरं, बायबलमधल्या गणना पुस्तकाचा ९ वा अध्याय सावकाश वाचा. मिसरमधून निघालेले इस्राएल लोक रानातल्या प्रवासात देवाचा तंबू, म्हणजे निवासमंडप, बरोबर नेत; त्यावर दिवसा मेघ आणि रात्री अग्नीसारखं तेज. ते वर उठलं की इस्राएल लोक तळ हलवत, ते थांबलं की थांबत. कधी दोन दिवस, कधी महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. आपण अग्निस्तंभ म्हटला की फक्त "निघा" ऐकतो. पण तो जागचा हलत नसे तेव्हाही वाटच दाखवत होता. तुम्हाला अजून "जा" ऐकू येत नाही याचा अर्थ देव गप्प आहे असा घेऊ नका.

येशूने "मीच जगाचा प्रकाश आहे" म्हटलं त्यालाही हीच पार्श्वभूमी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ते मंडपांच्या सणाच्या संदर्भात येतं, आणि हा सण रानातल्या त्याच प्रवासाची आठवण. मिश्ना या यहूदी नियमांच्या जुन्या संग्रहात या सणाचं वर्णन आहे: मंदिरातल्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे उंच दीपस्तंभ, प्रत्येकावर चार वाट्या, शिड्यांवर चढून तेल ओतणारे याजककुळातले तरुण, आणि वाती कशाच्या, तर याजकांच्या जुन्या झालेल्या वस्त्रांच्या. त्या उजेडाने यरुशलेमेतलं प्रत्येक अंगण उजळून निघे असं लिहिलं आहे. येशू बोलला तो मंदिराच्या जामदारखान्यात, म्हणजे त्याच भागात. आणि पुढचे शब्द पाहा: "जो मला अनुसरतो तो अंधारात चालणारच नाही." प्रकाश इथे मागे मागे चालण्याशी बांधलेला आहे. मला वाटतं, ख्रिस्ती माणसासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. आपल्याला माहिती मिळण्याआधी सोबत मिळते.

मार्था:
सर, पटलं, पण स्वप्न एवढ्या सहज बाजूला ठेवू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत मरीयेच्या पतीला, योसेफाला, पुन्हा पुन्हा स्वप्नातूनच सांगितलं गेलं. मिसर देशात पळून जा हेही स्वप्नातच. बाळ येशूला पाहायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्योतिषांना, म्हणजे मागी लोकांनाही, हेरोद राजाकडे परत जाऊ नका हे स्वप्नातच कळलं.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याला उठून जायचं होतं त्यालाच स्वप्न पडलं. योसेफाने मूल आणि आई घेऊन निघायचं, तर स्वप्न योसेफाला. शेजारणीला नाही.

सहप्रवासी:
मार्थाताई, येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताच्या बायकोचं काय? स्वप्न तिला, निरोप नवऱ्यासाठी. आणि दिमिष्क शहरातला शिष्य हनन्या? पौलाबद्दलचा दृष्टान्त त्याला झाला. तेव्हा दुसऱ्याला दिसलेलं आपल्यासाठी असूच शकत नाही असं नाही. ते पारखून घ्यायचं, एवढंच.

पारखायचं कसं याबद्दल मी कॅथलिक परंपरेतलं एक उदाहरण देतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी राहिले होते. तिथे त्यांना भरदिवसा हवेत काहीतरी दिसायचं. अतिशय सुंदर, सापासारखा आकार, अंगभर डोळ्यांसारखं काही चमकणारं. पाहताना फार आनंद व्हायचा, नाहीसं झालं की मन खट्टू व्हायचं. हे बराच काळ चाललं. पुढे कार्दोनेर नदीकाठी त्यांना मोठी आंतरिक समज मिळाली आणि आभार मानायला ते जवळच्या क्रुसासमोर गुडघे टेकून बसले. तिथे तेच दर्शन पुन्हा झालं, पण क्रुसासमोर त्याचा तो सुंदर रंग राहिला नव्हता. तेव्हा त्यांनी ओळखलं की हे देवाकडचं नाही. ही हकिकत त्यांच्या आत्मकथनात आहे.

सैतान तेजस्वी देवदूताचं रूप घेतो असं पौलाने करिंथकरांना लिहिलंच आहे. म्हणून चमकतं ते सगळं देवाचं असं आपली परंपरा मानत नाही. इग्नेशियस यांनी पुढे घालून दिलेला एक नियम तुमच्या कामाचा आहे: मन उदास, कोरडं, गोंधळलेलं असताना आधीचा निश्चय बदलायचा नाही. मोठा फेरफार शांत मनाने करायचा.

तुमच्या ताईंचा हेतू चांगलाच असणार. पण त्यांचं स्वप्न तुमच्यावर ओझं म्हणून बसलं असेल, तर तसं त्यांना प्रेमाने सांगून टाका.

कंदील:
मी थोडं वेगळं लिहितो. आमच्या घरात एका दुखण्याच्या काळात मला कित्येक महिने प्रार्थनेत काहीही जाणवत नव्हतं. लोक म्हणायचे, पापाची कबुली राहिली असेल. त्या बोलण्याने फार दुखावलो. तेव्हा यशया ५०:१० ने मला धरून ठेवलं. परमेश्वराचं भय धरणारा, त्याच्या सेवकाची वाणी ऐकणारा माणूसही अंधारात चालतो, त्याला प्रकाश नसतो, असं तिथे सरळ लिहिलं आहे. त्याने देवाच्या नावावर भाव ठेवावा, एवढंच सांगितलं आहे. आणि लगेच पुढच्या वचनात इशारा आहे तो स्वतःच्या हातांनी आग पेटवून तिच्या उजेडात चालणाऱ्यांना.

उजेड दिसत नाही म्हणून घाईने स्वतःच काहीतरी पेटवू नका, ताई. क्रुसाचे संत योहान या स्पॅनिश संन्यासी कवीला १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संन्यासी संघातल्या विरोधकांनी पकडून टोलेडोला कोंडलं. कोठडी एवढीशी, भिंतीत उंचावर एक फट. प्रार्थनेचं पुस्तक वाचायचं तर त्या फटीतून येणाऱ्या उजेडाखाली उभं राहावं लागे. १५७८ च्या ऑगस्टमध्ये ते तिथून निसटले. त्याच सुमारास रात्रीवर लिहिलेल्या कवितेत ते म्हणतात की हृदयात जळत होता त्यावाचून दुसरा प्रकाश नव्हता, आणि तो भर दुपारच्या उजेडापेक्षा खात्रीने घेऊन गेला. ज्याने अंधार असा भोगला त्याचं हे म्हणणं मी मानतो.

मार्था:
सहप्रवासी, हनन्याचं बरोबर आहे, मागे घेते. आणि त्यावरून पौलाकडे पाहा. दिमिष्काच्या वाटेवर त्याला सूर्याहून प्रखर प्रकाश दिसला, आणि परिणाम काय? तीन दिवस डोळ्यांना दिसेना. सोबतच्यांनी हात धरून शहरात नेलं. काय करायचं ते तिथे कळेल, एवढंच प्रभूने सांगितलं होतं, आणि पुढचं सगळं हनन्याच्या हातून झालं, तोही घाबरत घाबरत आलेला. मागी लोकांचंही तेच. तारा दिसला तरी यरुशलेमेत येऊन त्यांना विचारावं लागलं. येशूचं जन्मगाव बेथलेहेम हे नाव त्यांना मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथातून मिळालं, आणि तेही शास्त्र्यांकडून, जे स्वतः जागचे हलले नाहीत. तारा पुन्हा दिसला तो त्यानंतर.

म्हणून विचारते, निळीशाईताई, तुम्ही सगळ्यांना विचारलंत असं दिसतं. वडिलांना विचारलंत का?

निळी_शाई:
नाही विचारलं. त्यांना वाटेल की त्यांच्यामुळे मी अडकले, म्हणून विषयच काढला नव्हता.

जुना_शिक्षक:
मग आज काढा. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रकाशात चालण्याची खूण काय सांगितली आहे? परस्परांशी सहभागिता. तिथे दर्शन, स्वप्न यांचा उल्लेखही नाही. ज्याच्यासाठी तुम्ही झुरता त्यालाच अंधारात ठेवून तुम्हाला उजेड कसा लाभेल? हे जरा स्पष्ट बोललो, पण तुमच्या काळजीपोटीच.

निळी_शाई:
सर, राग नाही आला. काल रात्री जेवण झाल्यावर वडिलांशी बोलले. त्यांना आधीच अंदाज होता. प्रार्थनागटातल्याच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी गप्प होतो. आधी तिथे तळमजल्यावर खोली मिळते का ते बघ, मग माझ्या नावाने रड." मग आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली. बऱ्याच दिवसांनी.

जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. हॉस्पिटलला आज दोन गोष्टी विचारणारं पत्र पाठवते आहे: राहायची जागा वडिलांना झेपेल अशी आहे का, आणि नवीन वर्ग सुरू होईपर्यंत थांबायला त्यांची तयारी आहे का. स्वप्न सांगणाऱ्या ताईंना रविवारी उपासनेनंतर भेटेन. कंदील, यशयाचं ते वचन वहीत लिहून घेतलं आहे. तुमच्या घरातलं दुखणं आता कसं आहे, तेही कळवा. प्रार्थनेत नाव घेईन.