फूड ट्रकची बॉडी बांधण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

प्रश्न (पुणे) : नमस्कार. एका जुन्या टेम्पोवर खाद्यगाडीची बॉडी बांधून घेऊन मिसळ, पुलाव आणि भजी विकण्याचा माझा व माझ्या पतींचा विचार आहे. पत्र्याचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल, त्यामुळे अन्नसुरक्षा आणि अग्निसुरक्षा यांसाठी बांधणीतच काय करून घ्यावे लागते, हे त्याआधी समजून घ्यायचे आहे. रस्सा आणि पुलाव घरी शिजवून नेला तर चालेल का?

उत्तर (नाशिक) : ताई, सर्वप्रथम पत्र्याचे काम थांबवा. वाहनाच्या रचनेत असा बदल करण्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी लागते आणि ती आधी घेतलेली बरी. एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना उलाढालीनुसार त्यांच्या फॉसकॉस या ऑनलाइन पोर्टलवरून मिळतो, आणि त्याचा क्रमांक गाडीवर ठळकपणे लावावा लागतो. घरी शिजवणार असाल तर त्या जागेचीही स्वतंत्र नोंद करावी लागेल. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. गाडी उभी करण्याच्या जागेबाबत महापालिकेत चौकशी करा.

मात्र कागदपत्रांपेक्षा पाण्याने मला अधिक शिकवले. माझ्या पहिल्या गाडीतील पाण्याची टाकी लहान होती. संध्याकाळी ती संपली की मुले एकाच बादलीत ताटल्या विसळू लागत, आणि हे लक्षात आल्यावर त्या दिवसांत मी दुकान लवकर बंद करीत असे. म्हणून टाकी मोठी घ्या, सांडपाण्याची टाकी त्याहून मोठी ठेवा आणि हात धुण्याचे बेसिन भांड्यांच्या बेसिनपासून वेगळे बांधून घ्या.

उत्तर (गॅसजोडणीचे काम करणारा) : एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला गॅस तळाशी साचतो आणि छतावरच्या पंख्याने तो निघत नाही. म्हणून सिलिंडरसाठी बाहेरून उघडणारा, तळाशी जाळी असलेला स्वतंत्र कप्पा करावा आणि त्यात सिलिंडर उभा, पट्ट्याने घट्ट बांधलेला असावा. व्यवसायासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा, घरगुती लाल सिलिंडर वापरणे नियमबाह्य आहे. गाडी हलवण्यापूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करण्याची शिस्त सर्वांनी पाळावी. भज्यांच्या कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन पेटते तेल अंगावर उडते. ज्योत बंद करून शक्य झाल्यास झाकण ठेवावे. अग्निशामक दाराजवळ हवा, शेगडीच्या मागे नको.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. पुलावाबद्दलची शंका मात्र राहिली आहे.

उत्तर (नाशिक) : घरून न्यायला हरकत नाही, पण गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या आत राहिले पाहिजे. भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात, भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून मोठ्या पातेल्यात पुलाव झाकून ठेवण्याऐवजी, मी गाडीतच थोडा थोडा शिजवतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी विकत नाही. रस्सा उकळता नेऊन मंद आचेवर ठेवता येतो. टोचून मोजायचा थर्मामीटर आधी विकत घ्या.